तेल्याच्या आधी पानावर पोहोचा: डाळिंब बागेत जैविक नियंत्रण कसं बसवायचं

इंदापूर असो, बारामती असो की शिरूर, डाळिंबाच्या पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रात एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "तेल्यावर जैविकमध्ये काय आहे?" तेल्या म्हणजे डाळिंबाच्या पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग, आणि 'जैविक' म्हणजे त्याच्याविरुद्ध वापरायचे मित्रजिवाणू. विचारणाऱ्याच्या हातात तेव्हा डाग पडलेलं फळ असतं. दुकानदार एक पुडा काढून देतो, आठवड्याने डाग तसेच असतात आणि 'जैविक काही कामाचं नाही' असं ठरून जातं. पुड्यातला जिवाणू चांगला असू शकतो. तो पानावर पोहोचेपर्यंत रोग पानाच्या आत गेलेला असतो, एवढंच.

तेल्याचा जिवाणू झॅन्थोमोनास कुळातला. तो पानाच्या रंध्रांतून, काट्याच्या ओरखड्यातून, किडीने केलेल्या जखमेतून किंवा छाटणीच्या कापातून आत शिरतो. आत शिरल्यावर बाहेरून फवारलेला कोणताही मित्रजिवाणू त्याच्या मागे जाऊन त्याला मारत नाही. जैविक नियंत्रणाचं काम तो आत शिरण्याआधीचं आहे. स्वारगेटला एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं हे काम. पानाच्या पृष्ठभागावर अन्न आणि जागा मोजकीच असते. बॅसिलस सबटिलिस किंवा स्युडोमोनास फ्लुरोसन्स हे मित्रजिवाणू तिथे आधी वसले तर ते अन्न खातात, लोह अडवून धरतात, शेजाऱ्याला मारक अशी द्रव्यं सोडतात आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतात.

जिवाणूजन्य रोगांवरच्या जैविक उपायांचा इतिहास हेच सांगतो. सर्वांत गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. ॲडलेडच्या ॲलन केर यांनी १९७० च्या दशकात दगडी फळांच्या (पीचसारख्या कठीण कोयीच्या) रोपांवरच्या मुळगाठी रोगासाठी 'के ८४' नावाचा निरुपद्रवी जिवाणू वापरला. लागवडीआधी रोपांची मुळं त्याच्या द्रावणात बुडवायची, बस्स. पण आधीच आलेल्या गाठी त्याने जात नाहीत. सफरचंदाच्या फुलांवरच्या जिवाणूजन्य करप्यासाठीही मित्रजिवाणू फुलं उमलताना फवारतात, फांद्या जळाल्यावर नाही.

म्हणून पुढचं सगळं क्रमाचं गणित आहे. औषधांची नावं त्यात कमी आणि 'कधी' जास्त.

आधी खात्री: हा तेल्याच आहे का?

डाळिंबावर बुरशीचे ठिपकेही येतात, आणि त्यांचं व्यवस्थापन वेगळं. तेल्याचा डाग सुरुवातीला टाचणीच्या डोक्याएवढा, पाणी शोषल्यासारखा, तेलकट दिसतो. पान उन्हाकडे धरलं की डागाभोवती पिवळसर, अर्धपारदर्शक वलय दिसतं. फांदीवर पेऱ्याजवळ काळपट खोलगट पट्टा येतो आणि फांदी तिथेच मोडते. फळावरचे डाग एकत्र येतात आणि साल इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी तडकते. मार्केट यार्डात भाव पडतो तो या तडकण्यापायी.

घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. काचेच्या पारदर्शक ग्लासात स्वच्छ पाणी घ्या. ताज्या डागाची कड, म्हणजे थोडा डाग आणि थोडा हिरवा भाग, नव्या ब्लेडने आडवी कापा. तुकडा चिमट्याने पाण्यात धरा, कापलेली बाजू खाली. ग्लासामागे काळा कागद ठेवा आणि हात न हलवता दोन-चार मिनिटं बघा. कापलेल्या कडेतून दुधट, धुरकट बारीक धार खाली उतरताना दिसली तर जिवाणू आहे. बुरशीच्या डागातून अशी धार येत नाही. जुन्या, वाळलेल्या डागावर ही चाचणी फसते, तेव्हा कोवळा डागच घ्या. तरी शंका राहिली तर पानं कागदी पिशवीत घालून शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात किंवा बारामती, नारायणगाव इथल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत पानं घामेजतात, कुजतात आणि मग कुणालाच काही कळत नाही.

वाण बदलून सुटका होईल ही आशा मात्र ठेवू नका. १९३६ मध्ये डॉ. जी. एस. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात आळंदीच्या डाळिंबातून निवडलेला आणि पुढे 'गणेश' नावाने देशभर गेलेला वाण घ्या, नाहीतर आजचा भगवा घ्या. तेल्या दोघांनाही होतो.

बहार: जैविक यशाचा निम्मा वाटा इथेच ठरतो

तेल्याला ऊब आणि ओल हवी. बहार म्हणजे झाडाचं पाणी तोडून ताण द्यायचा आणि मग पाणी सोडून फुलं आणायची तो हंगाम. पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या मृग बहारात फळं नेमकी पावसाळ्यात वाढतात, म्हणजे रोगाला पाहिजे ते सगळं आपणच पुरवतो. अशा बागेत मित्रजिवाणू सोडून फार काही साधत नाही. पावसाचे थेंब त्यांना धुऊन नेतात आणि त्याच थेंबांवर स्वार होऊन तेल्या एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.

ज्या बागेत रोग ठाण मांडून बसला आहे तिथे सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला हस्त बहाराचा आहे: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलं, फळवाढ थंड-कोरड्या दिवसांत, काढणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. अडचण अशी की ताण द्यायच्या दिवसांत पाऊस असतो, आणि भारी, काळ्या जमिनीत ताण नीट बसत नाही. मुरमाड, हलक्या रानात तो बसतो. भारी जमीन असेल तर आंबे बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी फुलं) विचार करा, पण काढणी जूनच्या पावसात अडकणार नाही अशी आखणी हवी.

आणि दोन बहारांच्या मध्ये झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्या. काढणी झाली की लगेच पुढचा बहार धरणारी बाग दोन-तीन वर्षं पैसा देते, मग थकते. थकलेल्या झाडावर ना रसायन चालतं ना जैविक.

जुना साठा काढा, आणि मगच जिवाणू आणा

इथे घाई करणारे फसतात. बागेत रोगट फांद्या लटकताहेत, खाली डागी पानांचा थर आहे आणि वर बॅसिलसची फवारणी चालू आहे, असं दृश्य कमी नाही. तेल्याचा जिवाणू पडलेल्या पानांत आणि फांद्यांवरच्या जखमांत महिनोन्‌महिने तग धरतो.

छाटणीत रोगट फांदी डागाच्या दोन इंच खालून कापा. प्रत्येक झाडानंतर कात्री २.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायची. मजूर याला कंटाळतात, हे खरं आहे. दोन कात्र्या द्या: एक बादलीत, एक हातात. काम थांबत नाही आणि कुरकुरही कमी होते. कापलेला माल बांधावर ढीग करून ठेवू नका, त्याच दिवशी बाहेर नेऊन जाळा.

छाटणी होताच एक टक्का बोर्डो मिश्रण: एक किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), एक किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचे. तयार मिश्रणात लोखंडी खुरपं थोडा वेळ बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, चुन्याची आणखी निवळी घाला. खोडाला दहा टक्के बोर्डो पेस्ट. जमिनीवरची पानं गोळा करून झाल्यावर हेक्टरी २५ किलो ब्लिचिंग पावडर १,००० लिटर पाण्यात मिसळून झाडाखाली शिंपडतात.

जैविक लेखात बोर्डो आणि ब्लिचिंग कशाला, असं वाटेल. कारण रिकाम्या जागेवर वसाहत करणं सोपं असतं. पण ब्लिचिंग पावडर चांगला-वाईट बघत नाही. तिच्यानंतर किमान दोन आठवडे जमिनीत कोणतंही जैविक खत किंवा मित्रबुरशी सोडू नका. आदल्या दिवशी ब्लिचिंग आणि दुसऱ्या दिवशी ड्रिपमधून ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी, हा पैसे मातीत घालण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

जमीन

मधल्या काळात शेणखत तयार करून घ्या. १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास प्रत्येकी एक किलो मिसळायचं. मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतका ओलावा ठेवायचा, वर गोणपाट झाकायचं, सावलीत आठ-दहा दिवस ठेवायचं, एकदा खालीवर करायचं. मग पाणी सुरू करायच्या वेळी ते ठिबकच्या ओलाव्यात, मातीआड द्यायचं. कच्च्या, गरम शेणखतात हे दोन्ही टिकत नाहीत.

ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, तिचं खरं काम मर रोगाविरुद्ध मुळांशी. पानावरच्या तेल्यावर ती थेट उत्तर नाही. स्युडोमोनास मात्र मुळांशी वसून झाडभर प्रतिकारशक्ती वाढवतं, म्हणून त्याला दोन्हीकडे काम आहे.

खरेदी: पुड्यावर काय वाचायचं

'जैविक' असा शिक्का मारलेल्या बाटल्यांचा सुळसुळाट आहे. मी तरी तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देत नाही. जिवाणूचं पूर्ण नाव आहे का, जैविक कीडनाशक म्हणून केंद्रीय नोंदणी क्रमांक आहे का, आणि सीएफयू म्हणजे जिवंत पेशींची संख्या छापली आहे का. या जिवाणूंच्या उत्पादनात एका ग्रॅममध्ये किंवा मिलिलिटरमध्ये १ × १०^८, म्हणजे दहा कोटी तरी हव्यात. नुसतं 'तेल्याचा कर्दनकाळ' लिहिलेल्या आणि घटक न सांगणाऱ्या बाटलीत काय असेल सांगता येत नाही. निर्यातीच्या मालात तिच्यामुळे न सांगितलेल्या रसायनाचा अंश निघाला तर निस्तरायचं आपल्यालाच.

दोन जिवाणूंचा स्वभाव वेगळा आहे. बॅसिलस बीजाणू तयार करतो, म्हणजे कवचात झोपी जातो. त्यामुळे तो उष्णता, कोरडेपणा बराच सोसतो आणि पुड्यात वर्षभर टिकू शकतो. स्युडोमोनासला असं कवच नाही. टाल्कमधल्या पावडरीत त्याची संख्या काही महिन्यांत घसरते आणि एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये पडलेला पुडा मुदतीआधीच मेलेला असतो. म्हणून स्युडोमोनास ताजं, हंगामापुरतंच घ्या. घरी आणल्यावर माठाजवळच्या गार, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, कीटकनाशकांच्या कपाटात नको. पानांवरच्या फवारणीसाठी दोन्हीपैकी एकच घ्यायचं असेल तर माझी पसंती बॅसिलसला.

टाकी आणि पाणी

आपल्याकडच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि अल्कधर्मी असतं. सामू (पीएच) साडेसहा ते साडेसातच्या आसपास आणा, थोडं सायट्रिक ॲसिड पुरतं. नळाचं क्लोरीनयुक्त पाणी असेल तर रात्रभर उघड्या टाकीत ठेवून मग वापरा. पंप, नळ्या, गाळणी आधीच्या बोर्डोपासून नीट धुऊन घ्या. ब्लोअरच्या टाकीच्या तळाशी उरलेला निळा गाळ हजारो लिटर जिवाणू-द्रावण वाया घालवू शकतो.

पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून, अर्धा तास ठेवून, कापडातून गाळून घ्या. चिकटद्रव्य सौम्य घ्या. मास्क बांधा, टाल्कची धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

फवारणीचा क्रम

पानगळ करून, पाणी सुरू केल्यावर कोवळी पालवी बोटभर निघाली की पहिली बॅसिलसची फवारणी, लिटरला पाच ग्रॅम किंवा लेबलवर असेल त्याप्रमाणे. हीच ती वेळ: पानं नवी, पृष्ठभाग मोकळा, तेल्या अजून थोडा. ही फवारणी चुकली तर पुढच्या तीन मिळूनही ती भरपाई होत नाही असं माझं मत आहे.

त्यानंतर दहा-बारा दिवसांच्या अंतराने, कारण पानं वाढत राहतात आणि प्रत्येक नव्या पानावर जागा रिकामी असते. कळी निघताना एक, सेटिंग (फळधारणा) झाल्यावर एक, फळ लिंबाएवढं झाल्यावर एक अशा फवारण्या तर चुकवूच नका. ऊन उतरल्यावर, संध्याकाळी फवारा. अतिनील किरणांनी जिवाणू मरतात आणि कोरड्या दुपारी थेंब वाळतात. शिवाय सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. पानाची खालची बाजू ओली झाली पाहिजे, कारण रंध्रं मुख्यत्वे तिथे आहेत. वरून भिरकावलेल्या फवाऱ्याने समाधान मिळतं, संरक्षण नाही.

याच्या जोडीला महिन्यातून एकदा सॅलिसिलिक ॲसिड, लिटरला ०.३ ग्रॅम, अशा चार फवारण्या संशोधन केंद्र सुचवतं. ते जिवाणूला मारत नाही, झाडाला सावध करतं. थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाण्यात घाला, आणि जिवाणूंच्या टाकीत मिसळू नका.

मिसळण्यावरून आठवलं: एकाच टाकीत 'सगळं' घालायची आपली सवय इथे महागात पडते. तांबायुक्त औषध, मॅन्कोझेबसारखं बुरशीनाशक, प्रतिजैविक यांपैकी काहीही मित्रजिवाणूंबरोबर नको. स्ट्रेप्टोमायसिन तर दोन्ही पक्षांच्या जिवाणूंना मारतं. तसंही त्याच्यावर विसंबण्याचे दिवस सरत आले. वारंवार वापराने जगभर झॅन्थोमोनासमध्ये त्याला प्रतिकार तयार झालेला आहे, आणि शेतीतला स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिनचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये आदेशाचा मसुदा काढला होता.

पाऊस लागला तर

पुण्यातच हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग आहे आणि जिल्ह्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. तो वाचायची सवय लावा. दोन-तीन दिवस ढगाळ, पावसाळी दिसत असतील तर मित्रजिवाणूंवर सगळा भार टाकू नका. पावसाआधी अर्धा टक्का बोर्डो किंवा कॉपर हायड्रॉक्साइड, लिटरला दोन ग्रॅम. उघडीप झाल्यावर पाच ते सात दिवस थांबून पुन्हा बॅसिलस. या बाबतीत मी कट्टर नाही. निव्वळ जैविकचा हट्ट धरून परतीच्या पावसात बाग गमावण्यात काही अर्थ नाही.

झाडं ओली असताना बागेत माणसं फिरवू नका, फळं विरळणी नको, फांद्या बांधणं नको. ओल्या पानाला लागलेली बाही पुढच्या पन्नास झाडांना रोग वाटत जाते. गारपीट झाली तर जखमा उघड्या असतात, तेव्हा त्याच दिवशी तांब्याची फवारणी.

गुळाच्या ड्रमबद्दल

२०० लिटरच्या ड्रममध्ये दोन किलो गूळ, एक लिटर कल्चर (मित्रजिवाणूंचं विरजण), तीन दिवस ढवळायचं आणि फवारायचं, ही पद्धत स्वस्त आहे म्हणून पसरली. पण उघड्या ड्रममध्ये गूळ सगळ्यांनाच आवडतो: यीस्ट, आम्ल करणारे जिवाणू, शेणातले जिवाणू. तिसऱ्या दिवशी त्यात आपला बॅसिलस किती आणि पाहुणे किती, हे प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. असं द्रावण ठिबकमधून जमिनीत द्या, हरकत नाही. खाण्याच्या फळावर मात्र ते फवारू नका.

विषाणू जे जिवाणू खातात

फाज म्हणजे फक्त जिवाणूंवर जगणारे विषाणू. अमेरिकेत टोमॅटो-मिरचीवरच्या जिवाणूजन्य ठिपक्यांसाठी फाजचं उत्पादन २००५ मध्ये नोंदवलं गेलं, तेही झॅन्थोमोनास कुळाविरुद्ध. अडचण तीच, ऊन. फ्लोरिडातल्या संशोधकांनी साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून संध्याकाळी फवारल्यावर फाज पानावर जास्त टिकतात असं दाखवलं. प्रत्येक फाज ठरावीक जिवाणूवरच चालतो, म्हणून परदेशी बाटली आणून इथल्या तेल्यावर मारण्यात अर्थ नाही.

काम झालं की नाही, कसं कळणार?

बागेच्या कडेला नव्हे, मधोमध दोन ओळी निवडा. तिथे जैविक सोडून बाकी सगळं करा. दोन्हीकडची पाच-पाच झाडं रिबीन बांधून ठरवा. दर पंधरवड्याला त्याच झाडांच्या चारही दिशांच्या एकेका फांदीवरची डागी पानं आणि फळं मोजून वहीत लिहा. शेजाऱ्याच्या बागेशी तुलना करू नका, त्याची जमीन, पाणी, छाटणी सगळं वेगळं. दोन हंगामांनंतर दोन्ही ओळींत फरक नसेल तर ते उत्पादन बंद करा, दुसरं बघा. फरक असेल तरी रोग पूर्ण जाईल ही अपेक्षा नको. डागी मालाचं प्रमाण कमी झालं आणि तांब्याच्या फवारण्या घटल्या, तर ते यशच.

नवीन लागवड करणार असाल तर गुटी कलम (झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) कुठून येतंय त्या मातृबागेत स्वतः जाऊन या, शक्यतो पावसाळ्यात. रोगट झाडावरच्या गुटीतून तेल्या फुकट घरी येतो. लावण्याआधी रोपांची मुळं स्युडोमोनासच्या द्रावणात, लिटरला दहा ग्रॅम, अर्धा तास बुडवा.

कागदी लिंबू असेल तर

लिंबावरचा खैऱ्याही झॅन्थोमोनासचाच प्रकार, त्यामुळे क्रम बहुतेक तोच. फरक एवढा की इथे नागअळीकडे आधी बघावं लागतं. ती कोवळ्या पानात बोगदे करते आणि खैऱ्याला दार उघडून देते. म्हणून नवी पालवी निघताच निंबोळी अर्क, तीन-चार दिवसांनी बॅसिलस, आणि पालवी पक्व होईपर्यंत ही जोडी. नवी लागवड असेल तर राहुरी विद्यापीठाचा साई सरबती हा खैऱ्याला बराच सहनशील वाण आहे, त्याची रोपं विद्यापीठाच्या रोपवाटिकेत आगाऊ नोंदवून ठेवा.